आधी सांगा, मग चालवा

पावणेआठला लॅब उघडते. कुलूप शिपाईमामा काढतात, मेन स्विच मी टाकते. सगळी मशीन एकदम सुरू झाली तर यूपीएस किंचाळतो आणि पहिला अर्धा तास त्याची समजूत काढण्यात जातो, म्हणून एकेक रांग. डावीकडच्या रांगांत जुनी विंडोज, तिच्यात डॉसबॉक्स आणि डॉसबॉक्सच्या पोटात निळ्या पडद्याचं टर्बो सी. उजवीकडे उबुंटू आणि जीसीसी. टर्बो सी १९८७ साली बाजारात आलं. ते काढणाऱ्या बोर्लंडने २००८मध्ये आपला हा सगळा विभागच विकून टाकला. आमच्या डाव्या रांगांना मात्र ही बातमी अजून पोचलेली नाही. दोन्ही बाजू मी मुद्दाम ठेवल्या आहेत. का, ते दहाच्या सुमारास कळेल.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात एफवाय बीसीएला सी आणि वेब शिकवते. मुलं ओतूर, आळेफाटा, बेल्हे, खोडद अशा गावांतून एसटीने येतात. बरीचशी मराठी माध्यमातली. कुणी बारावी सायन्स, कुणी कॉमर्स, दोन-चार आर्ट्सची. २०२४पासून बीसीए एआयसीटीईच्या अखत्यारीत गेलं, प्रवेशाला सीईटी लागली, त्यामुळे वर्ग भरायलाच उशीर होतो आणि पहिलं सत्र आखडतं. अभ्यासक्रम मात्र आखडत नाही.

आठ वाजता पहिला तास. प्रोजेक्टर लावत नाही, फळाच बरा. फळ्यावर चार ओळी लिहिते: ए = ५, बी = ७, मग ए = बी, मग बी = ए. "आता ए किती, बी किती? वहीत लिहा. बोलायचं नाही."

बोलायचं नाही म्हटलं की कुजबुज होतेच. मी बाकांमधून फिरते. अर्ध्याअधिक वह्यांत ७ आणि ५ असतं. म्हणजे अदलाबदल झाली, असं त्यांना वाटतं. खरं उत्तर ७ आणि ७. ए = बी झालं तेव्हाच जुने ५ पुसले गेले, आता बीला परत द्यायला ते आहेत कुठे? पण हे मी सांगून उपयोग नसतो. एका मुलाला फळ्याशी बोलावते आणि एकेक ओळ वाचत शेजारच्या रकान्यात आकडे लिहायला, खोडायला लावते. तिसऱ्या ओळीला तो स्वतःच ५ खोडतो, थबकतो आणि मागे वळून वर्गाकडे बघतो. वर्गात हशा पिकतो, कारण निम्म्यांनी तेच लिहिलेलं असतं.

ही चूक मुलांची कमी आणि आमची जास्त आहे. व्हेरिएबल म्हणजे डबा, हे उदाहरण आम्ही सगळेच देतो. मग मुलं विचार करतात की बीच्या डब्यातलं एच्या डब्यात ओतलं, तर बी रिकामा झाला असणार. दरवर्षी दोन-तीन वह्यांत बीसमोर शून्य लिहिलेलं सापडतं, ते या डब्यामुळे. मी डबा सोडला. आता फक्त दोन रकान्यांचा तक्ता आणि खोडरबर.

गणितातली हुशार मुलं वेगळ्याच जागी अडतात. एक्स = एक्स + १ लिहिलं की आज पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "मॅडम, असं कसं असेल? मग शून्य बरोबर एक होईल ना?" तिचं चुकलेलं नाही. बीजगणितात हे समीकरण खोटंच आहे. इथे ते समीकरण नाही, हुकूम आहे: उजवीकडचं काढ, डावीकडे ठेव. हा प्रश्न विचारणारी मुलं पुढे चांगली निघतात, असा माझा अनुभव आहे. न विचारता उतरवून घेणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

नऊ ते अकरा पहिल्या बॅचचं प्रॅक्टिकल. विषय फॅक्टोरियल. स्लिपांमध्ये हे हमखास असतं म्हणून मुलांनी ते पाठ केलेलंच असतं. स्लिप म्हणजे आमच्या प्रॅक्टिकल परीक्षेची चिठ्ठी, उचलायची आणि तिच्यावरचा प्रोग्रॅम करून दाखवायचा. स्लिपांची उत्तरं सीनियरांकडून झेरॉक्सने येतात. त्यामुळे पडद्यावर प्रोग्रॅम दहा मिनिटांत उमटतो आणि पाठोपाठ हात वर: "मॅडम, एरर."

"काय म्हणतोय?"

"एरर म्हणतोय."

हा संवाद माझ्या दिवसात किती वेळा होतो, हे मोजायचं मी सोडून दिलं आहे. मुलगा लाल अक्षरं बघतो, ती वाचत नाही. मशीन रागावलंय एवढंच त्याला दिसतं. इंग्रजीची भीती हे एक कारण आहेच, पण एकमेव नाही. इंग्रजी माध्यमातली पोरंही वाचत नाहीत. म्हणून लॅबचा नियम असा की हात वर करण्याआधी पहिली एरर मोठ्याने वाचायची, ओळ क्रमांकासकट. फक्त पहिली. एक महिरपी कंस राहिला की खाली डझनभर एरर लागतात. मुलं शेवटची बघतात, कारण पडद्यावर तीच समोर असते, आणि जिथे काहीच बिघडलेलं नाही तिथे दुरुस्ती करत बसतात. टर्बो सीत तर सेमीकोलन सुटतो सातव्या ओळीत आणि कर्सर जाऊन उभा राहतो आठव्या ओळीवर. त्यात मशीनची काही खोडी नाही. एक विधान दोन ओळींत लिहिलेलं चालतं, त्यामुळे सातवी ओळ संपली की नाही हे त्याला आठवी वाचल्याशिवाय समजत नाही. हे एकदा कळलं की मुलं आपोआप वरच्या ओळीकडे बघायला लागतात.

आता डावी-उजवी रांग. सगळ्यांचे प्रोग्रॅम चालायला लागले की सांगते, सात टाका. सगळीकडे ५०४०. आता आठ टाका. पण एंटर मारायच्या आधी वहीत उत्तर लिहा. ५०४० गुणिले आठ, ४०३२०. एंटर.

उजवीकडे ४०३२०. डावीकडे उणे २५२१६.

पहिले काही क्षण डावीकडची मुलं ओशाळतात. आपलंच चुकलं या खात्रीने प्रोग्रॅम तपासायला लागतात, शेजाऱ्याचा बघतात, त्याचंही तेच. मग कुजबुज, मग तक्रार. एकजण म्हणतो, "मॅडम, हे पीसी खराब आहेत." दुसरी म्हणते, "सगळे एकसारखे खराब कसे होतील?" तिच्या या वाक्यासाठी मी दोन्ही रांगा ठेवल्या आहेत.

टर्बो सीचा इंट दोन बाइटचा, सोळा बिटांचा. त्यात जास्तीत जास्त मावतात ३२७६७. त्यापुढे एक मिळवला की आकडा गोल फिरून उणे ३२७६८वर येतो. ४०३२०मधून ६५५३६ वजा करा, उणे २५२१६ येतात. मुलं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघतात आणि बरोबर निघालं की टाळी देतात. मग उजवीकडची मुलं जरा ऐटीत बसलेली असतात, त्यांना तेरा टाकायला सांगते. तिथला इंट चार बाइटचा. बारापर्यंत ठीक, तेराला ६२२७०२०८०० यायला हवेत, येतात १९३२०५३५०४. हे तर अधिक वाईट. उणे चिन्ह निदान डोळ्यांत खुपतं, हा आकडा अगदी सभ्य दिसतो. वहीत आधी लिहिलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं की तो खोटा आहे.

या अर्ध्या तासात सिलॅबसचं पान पुढे सरकत नाही. पण परीक्षेत गुण न देणारी एक गोष्ट होते, मुलं मशीनच्या उत्तरावर शंका घेतात. माझ्या मते पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये शिकवण्यासारखं सगळ्यात मोठं हेच आहे. चालवण्याआधी काय येईल ते सांगा, चालवल्यावर ते का आलं नाही ते शोधा. बाकी सिंटॅक्स गाइडमध्ये मिळतो.

अकरा ते साडेअकरा चहा आणि जर्नल. जर्नलमध्ये प्रोग्रॅम हाताने लिहायचा, आउटपुट लिहायचं, मी सही करायची. आज तीन जर्नलांमध्ये आउटपुटच्या जागी एकच नाव आहे, मागच्या वर्षीच्या एका मुलाचं. नाव वाचून ते छापणारा प्रोग्रॅम होता. नक्कल करणाऱ्याने आउटपुटमधलं नावही श्रद्धेने उतरवलं. मी सही केली नाही. खाली लिहिलं: "हे कोण?"

स्टाफरूममध्ये केमिस्ट्रीचे सर विचारतात, "आता चॅटजीपीटी सगळं लिहून देतो म्हणे. मग तुमच्या विषयाचं काय?" मी म्हटलं, सर, आमच्या विषयात लिहून येणं हा पुरावा आधीही नव्हता. आधी झेरॉक्स होती, आता चॅटजीपीटी आहे. प्रोग्रॅम आणून दाखवणाऱ्याला मी एवढंच विचारते की बाराव्या ओळीवर तिसऱ्या फेरीत आयची किंमत किती. ज्याने केलंय तो सांगतो. ज्याने आणलंय तो पडद्याकडे बघतो.

आमचीच मुलं कच्ची, असं स्टाफरूममध्ये बऱ्याचदा ऐकू येतं. तेव्हा मला २००१चा मॅक्रॅकन यांच्या गटाचा अभ्यास आठवतो. चार विद्यापीठं, प्रोग्रॅमिंगचा पहिला कोर्स संपवलेले २१६ विद्यार्थी. त्यांना साधा कॅल्क्युलेटर लिहायच्या धर्तीचे प्रश्न दिले. सरासरी गुण ११०पैकी २३च्याही आत. २००४मध्ये रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी सात देशांतल्या मुलांना लिहायला न लावता नुसता तयार कोड वाचायला दिला, यातून काय बाहेर पडेल ते ओळखा. बऱ्याच जणांना तेही जमलं नाही. म्हणजे लिहिता येत नाही त्याच्या आधी वाचताच येत नाही, ही अडचण काही ओतूर-आळेफाट्याची नव्हे. आम्ही मात्र वाचायला शिकवतच नाही. परीक्षेत "प्रोग्रॅम लिहा" असतं, "हा प्रोग्रॅम वाचा" क्वचित.

बारा ते पाऊण जेवण. एका कोपऱ्यात दोन मुली हेडफोन लावून आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल मराठीत ऐकत बसल्या होत्या. छोटे छोटे धडे असतात ते, एका बाजूला धडा लावायचा आणि दुसऱ्या बाजूला स्वतः करत जायचं. मी त्यांना उठवलं नाही.

पाऊणला दुसरी बॅच, वेब. इथलं हवामान वेगळं. सीच्या लॅबमध्ये मुलं घाबरलेली असतात, इथे उत्साहाने उतू जात असतात, कारण दहा मिनिटांत पडद्यावर स्वतःचं नाव रंगीत दिसतं. पहिला अडथळा ठरलेला: पान उघडत नाही, नुसता मजकूर दिसतो. नोटपॅडने फाइलच्या नावाला गुपचूप डॉट टीएक्सटी जोडलेलं असतं आणि विंडोज ती शेपटी दाखवत नाही. दुसरा अडथळा फोटोचा. मुलाने डेस्कटॉपचा अख्खा पत्ता लिहिलेला असतो. त्याच्या मशीनवर फोटो दिसतो, शेजारच्या मशीनवर रिकामी चौकट. तिसरा, मराठीत लिहिलेल्या गावाच्या नावाऐवजी डोक्यावर चिन्हं लावलेल्या रोमन अक्षरांची रांग. तिथे मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ सांगायचं राहिलेलं असतं. हे तिन्ही सांगायला पंधरा मिनिटं पुरतात.

खरी पंचाईत वेगळी आहे. ब्राउझर तक्रारच करत नाही. टॅग बंद केला नाही, चालतं. स्पेलिंग चुकवलं, तो टॅग ओळखीचा नाही म्हणून आतला मजकूर तसाच दाखवून पुढे जातो. ही दिलदारी पहिल्यापासूनची. टिम बर्नर्स-ली यांच्या सर्नमधल्या पहिल्या वेबसाइटची जुनी प्रत २०१३मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली गेली. ती उघडून मी मुलांना तिचा सोर्स दाखवते. परिच्छेदाचे टॅग बंद केलेले नाहीत, तरी पान आजच्या ब्राउझरमध्ये नीट दिसतं. वेब एवढं पसरलं त्याला ही सैल वृत्तीही कारणीभूत आहे, यात मला शंका नाही. पण शिकणाऱ्याला ती घातक आहे. सकाळी ओरडणाऱ्या मशीनची भीती घालवायची आणि दुपारी गप्प बसणाऱ्या मशीनवर संशय घ्यायला शिकवायचं, असा माझा दिवस.

आज एका मुलाने जावास्क्रिप्टमध्ये टोमॅटोची पट्टी, म्हणजे आडत्याकडच्या मालाचा हिशोब, केली. त्याचे वडील नारायणगावच्या बाजारात माल आणतात. २०२३च्या जुलैत तिथे क्रेटला दोन हजारांच्या पुढे भाव गेला होता, तेव्हापासून वर्गातल्या निम्म्या प्रोजेक्टांत टोमॅटो असतो. पान देखणं होतं. क्रेट किती, भाव काय, हमाली-भाडं धरून खर्च किती, आडत्याकडे मागची बाकी किती, अशा चार चौकटी आणि खाली बटण. आम्ही आकडे घातले. १२ क्रेट, ४०० भाव, खर्च ३५०, मागची बाकी १२००.

"बटण दाबू नकोस. किती येईल?"

त्याने तोंडीच केलं. "अठ्ठेचाळीसशे, वजा साडेतीनशे, चव्वेचाळीसशे पन्नास. त्यात बाराशे. पाच हजार सहाशे पन्नास."

दाबलं. ४४५०१२००. चार कोटी पंचेचाळीस लाख एक हजार दोनशे. सगळी लॅब त्याच्या खुर्चीभोवती गोळा झाली. "एवढे मिळाले तर शिकायचं कशाला," वगैरे. मी गर्दी हटवली नाही. कुणाला तरी आकडा नीट वाचू दे म्हणून थांबले. शेवटी मागून एकजण म्हणाला, "४४५०ला १२०० चिकटलेत."

चिकटलेतच. चौकटीतून येतं ते जावास्क्रिप्टच्या लेखी अक्षरं असतात, संख्या नव्हे. गुणाकार आणि वजाबाकी अक्षरांची होत नाही, म्हणून तिथे ती आपली आपण संख्या करून घेते. बेरजेचं चिन्ह मात्र दोन कामं करतं, आकडे मिळवतं आणि अक्षरं जोडतं. एका बाजूला अक्षरं दिसली की जोडतं. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी १९९५च्या मे महिन्यात दहा दिवसांत ही भाषा उभी केली, असं सांगतात. घाईतल्या कामाच्या काही खुणा अजून निस्तरतो आहोत. एरर मात्र कुठेही आली नाही. त्याने तोंडी हिशोब आधी केला नसता आणि बाकी जरा लहान असती, तर हीच पट्टी वडिलांच्या मोबाइलवर गेली असती.

वडिलांचा मोबाइल म्हणताच त्याला आठवलं की ते मराठी कीबोर्ड वापरतात. चौकटीत देवनागरी १२ टाकून बघितलं. आलं एनएएन, म्हणजे ही संख्याच नाही. जावास्क्रिप्टच्या लेखी देवनागरी आकडे हे आकडे नाहीत. त्याला दहा अंकांची बदली करून देणारं फंक्शन लिहायला सांगितलं आहे. स्लिपेत नाही, पण तो करील, कारण पान घरी लागणार आहे.

दोन-वीसला लाइट गेली. यूपीएसवर मशीन बंद करण्यापुरता वेळ मिळतो. पूर्वी अशा वेळी वर्ग सुटायचा. आता वह्या निघतात. खोडदचा जीएमआरटी, म्हणजे रेडिओ दुर्बिणींचा समूह, इथून जवळ, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी बघायला मिळतो, मुलांपैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, चौदा मध्यभागी आणि सोळा तीन फाट्यांवर पसरलेल्या. मी तीस जागांचा अ‍ॅरे लिहिला आणि लूप शून्यापासून आय तीसहून लहान किंवा बरोबर असेपर्यंत चालवला. किती अँटेना? खोडदची मुलगी म्हणाली, "तिथेही मधल्यांची नावं सी-झिरो-झिरोपासून सुरू होतात." मग तिनेच सांगितलं की शून्यापासून तीसपर्यंत एकतीस होतात. एकतिसावी कुठून आणणार? सी हे विचारत नाही. शेजारच्या जागेत जे पडलेलं असेल ते उचलून अँटेनाचं म्हणून देते. कागदावर हे सापडलं. मशीन चालू असती तर कुणी मोजलं नसतं, आउटपुट आलं म्हणून मुलं खूश झाली असती. लाइट तीन वाजून गेल्यावर आली.

चारला लॅब रिकामी. पुढे कितीही काम उरलं तरी ओतूरकडच्या मुलींना थांबवत नाही. एसटी चुकली तर पुढची अंधारात, आणि आमच्या तालुक्यात अंधारात उसाच्या कडेने चालत जायचं म्हणजे बिबट्या. प्रॅक्टिकलचं वेळापत्रक विद्यापीठापेक्षा एसटी आणि बिबट्याच जास्त ठरवतात.

चार ते साडेपाच ऑफिसचं काम. हजेरी पोर्टलवर, ज्यांचे एबीसी (क्रेडिट बँकेचे) आयडी निघालेले नाहीत त्यांची यादी, नॅक मूल्यांकनाच्या फायलीसाठी "नावीन्यपूर्ण अध्यापन पद्धती" या मथळ्याखाली एक पान. त्यात काय लिहू? "लाइट गेल्यावर वही काढतो" असं लिहिता येत नाही. पीपीटी वापरतो असं लिहिलं.

रात्री नऊनंतर व्हॉट्सअ‍ॅप. मुलं पडद्याचा फोटो मोबाइलने तिरका काढून पाठवतात, खाली: "मॅम काय झालं बघा ना." माझं उत्तर ठरलेलं, पहिली एरर टाइप करून पाठव. निम्मे मेसेज इथेच थांबतात, कारण टाइप करताना वाचावं लागतं. दुसरा ठरलेला प्रश्न, "मॅम, कोणत्या स्लिपा आयएमपी?" त्याला मी उत्तर देत नाही. सीनियर देतात.

झोपण्यापूर्वी उद्याच्या फळ्याचा कोड निवडते. फॉर लूप, आय शून्यापासून पाचपेक्षा लहान असेपर्यंत, कंस बंद, लगेच सेमीकोलन. खालच्या ओळीत आय छापायचा. ० १ २ ३ ४ असं बरेच जण लिहितील. तो सेमीकोलन किती जणांना दिसतो ते बघायचं आहे. छापलं जाईल एकदाच, ५.